पार्सल वर आहे

"पार्सल वर येतंय," लिफ्टवाले मामा वॉकीटॉकीत म्हणाले, आणि मी मान वळवून पार्सल शोधायला लागले. मालाची लिफ्ट होती ती. भिंतींना पत्रा, खाली खडबडीत रबर, आणि कितीही धुतलं तरी न जाणारा मासळीच्या खाद्याचा वास. कोपऱ्यात थर्मोकोलचं एक रिकामं खोकं होतं, त्यावर लाल अक्षरांत छापलेलं: जिवंत. उलटे करू नये. हेच का पार्सल, असं मला आधी वाटलं. पण रिकामं खोकं वर पाठवताना कोण कशाला वर्दी देईल? आणि मग एकदम लक्षात आलं. पोटात असं काही हललं, जणू जिना उतरताना शेवटची पायरी नसावी आणि पाय हवेत पडावा. आता माझा पाय हवेतही पडत नाही आणि पायरीवरही नाही, पण पोटाला ते अजून कळलेलं नाही. मी विचारलं, "मामा, पार्सल म्हणजे मी का हो?" मामांनी जीभ चावली. शब्दशः चावली, मला दिसली. म्हणाले, "बाई, राग मानू नका. त्याचं काय आहे, साहेबांनी सक्त ताकीद दिलीय, अपंग म्हणायचं नाही, लंगडं-पांगळं तर नाहीच नाही, पाहुण्यांना वाईट वाटता कामा नये. मग म्हणायचं काय? ते साहेबांनी सांगितलंच नाही. आणि वर तर कळवावं लागतं, दार धरायला कुणीतरी पाहिजे. या लिफ्टनं पार्सलंच जायची आधी, तर आपलं तेच चालू राहिलं. तुम्हाला कळू नये म्हणूनच होतं हो ते." मला हसू आलं. खरंच आलं. वाईट वाटू नये म्हणून इतका खटाटोप आणि शेवटी निघालं काय, तर पार्सल! "साहेबांना माहीत आहे?" मी विचारलं. मामांच्या तोंडचं पाणीच पळालं. "नाही नाही, बाई. त्यांच्या कानावर नका घालू. नोकरीचा प्रश्न आहे." मी म्हटलं, "बरं, नाही सांगत." वर पोचल्यावर मी खोक्याकडे बोट दाखवून म्हटलं, "मग मलाही तसलं एक लेबल लावा ना." मामा हसले नाहीत. त्यांनी खाली बघून माझी चाकाची खुर्ची अगदी जपून बाहेर ढकलली, आणि त्या जपण्याचाच मला राग आला.

खरं तर मी तिथे न सांगता गेले होते. मत्स्यालयाच्या साहेबांनी मला बुधवारी स्टुडिओत बोलावलं होतं, एक वाक्य वाचायला: 'आता आमची सर्व दालने सर्वांसाठी खुली आहेत.' घोषणा वाचणं हा माझा धंदा. रेल्वे म्हणू नका, बँक म्हणू नका, 'कृपया लक्ष द्या' असं कुणी गोड आवाजात म्हणालं की ती बहुधा मीच असते. या इमारतीतल्या सगळ्या घोषणाही माझ्याच, पाय चालत होते तेव्हा केलेल्या. म्हणजे माझा आवाज या मजल्यावरून त्या मजल्यावर हिंडत होता, आणि मी घरात. तर मी ठरवलं, सर्वांसाठी म्हणजे कुणाकुणासाठी ते आधी स्वतः बघायचं, आणि मगच वाचायचं. साहेबांना कळवलं असतं तर त्यांनी फुलांचा गुच्छ आणला असता. म्हणून सोमवारीच, साध्या पाहुणीसारखी, टॅक्सी करून. नवऱ्याला सांगितलं, स्टुडिओत जाते. खोटं बोलले, पण त्याला तरी काय सांगणार? तो वाईट नाही. उलट इतका चांगला झालाय की धाकच वाटतो. पूर्वी म्हणायचा, "तू येतेस का?" आता म्हणतो, "हिला घेऊन येतो." शेजारच्या वहिनींना फोनवर सांगतो, "हिला आईकडे ठेवतो आणि लगेच येतो." ठेवतो. आणतो. उचलतो. बाकावर छत्री ठेवावी तसं. मी एकदा म्हटलंही, "अरे, मला ठेवू नकोस, मी राहते." तर त्यानं माझ्या पाठीमागची उशी सारखी केली. बिचाऱ्याला कळलंच नाही की वाक्यात बिघडलं काय. आणि बाथरूमच्या बाबतीत तर तो 'आपण' म्हणतो. "आपल्याला जायचंय का?" मला हसावं की रडावं कळत नाही. तर एकटीनं एक दुपार काढायची, कुणी न ठेवता, एवढंच मला हवं होतं. इमारतीच्या दर्शनी दाराला पायऱ्यांचा डोंगर, पाटीवर खुर्चीचं चित्र आणि बाण मागच्या बाजूला. मागे कचऱ्याच्या पेट्या, मालाचं दार आणि मामा. मोबाईल मामांनीच कपाटात ठेवून घेतला. वरच्या स्पर्श दालनात, जिथे माशांना हात लावू देतात, ते पाण्यात पडतात म्हणे. पुढच्या दाराच्या रखवालदारानं मला पाहिलं नाही, तिकीटवालीनं पाहिलं नाही. मामांनी पाहिलं, आणि वर मासेताईनं.

मासेताई हे तिचं नाव मुलांनी पाडलेलं. वरच्या स्पर्श दालनात काम करणारी पोरगी, कोपरापर्यंत बाह्या वर, बोटं पाण्यानं सुरकुतलेली. शाळेची सहल आली होती आणि सगळी मुलं "मासेताई, मासेताई" करून तिला भंडावून सोडत होती. पण मला बघताच तिनं मुलांना बाजूला केलं, आणि न विचारता खुर्चीला हात लावला नाही, हे मी मनात नोंदवलं. हौद खरंच छान होता. काठ खाली घेतलेला, गुडघे आत जातील असा, म्हणजे मी वाकून नव्हे तर ताठ बसून पाण्यात हात घालू शकत होते. कुणीतरी विचार केला होता. तिनं माझ्या तळहातावर एक तारामासा ठेवला. ठेवला म्हणजे, तो स्वतःच बसला. खालून शेकडो बारीक पायांनी तळहात चाचपत होता, गुदगुल्या होत नव्हत्या, पण कुणीतरी हळूच वाचतंय असं वाटत होतं. "याला डोकं नाही, बाई," मासेताई म्हणाली, "पण कुठं जायचं ते त्याला बरोबर कळतं." मला एकदम रडू यायला लागलं. चांगलं रडू. मी मनाशी म्हटलं, वाचीन. बुधवारी जाईन आणि ते वाक्य अगदी मनापासून वाचीन. पार्सल तर पार्सल, वर तर आणलं ना मला.

तेवढ्यात दिवे गेले. पंपांची घरघर थांबली. आपल्याला ती ऐकू येत होती हे ती थांबल्यावर कळलं. मुलांनी "हो ऽ ऽ" केलं, मुलं करतातच. मग जळक्या रबराचा वास आला, आणि छतातून, बॅटरीवर चालणाऱ्या कर्ण्यातून, मी बोलायला लागले. "कृपया लक्ष द्या. घाबरू नका. लिफ्टचा वापर करू नका. जिन्याने शांतपणे खाली उतरा. धन्यवाद." माझाच आवाज. गोड, गोल, एकही अक्षर न चिरडणारा. ते करताना रेकॉर्डिंगवाला काचेपलीकडून म्हणाला होता, "घाबरू नका आणखी थोडं प्रेमानं म्हणा ना," आणि मी प्रेमानं म्हटलं होतं.  मासेताईच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला, पण पोरगी शहाणी, तिनं मुलांचे हात एकमेकांत अडकवले, रांग केली आणि जिन्याकडे वळली. दारातून मागे वळून म्हणाली, "बाई, तुम्ही इथेच थांबा हं. मी लगेच कुणाला तरी पाठवते." दुसरं ती काय म्हणणार होती? इतकी मुलं होती. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. पण 'इथेच थांबा' हे ऐकून मला हसू फुटलं, आणि ते हसू विचित्र निघालं, शेवटी वर गेलेलं. पावलांचा आवाज जिन्यातून खाली खाली गेला. मग बंद.

भीती अंगात शिरते कशी, हे मला कण्याच्या ऑपरेशनपासून ठाऊक आहे. ती आधी तोंडात येते. जीभ जाड होते, लाळ चिकट होते. मग हात गार पडतात. पुढे पोट, आणि तिथून खाली तिला काही कामच उरत नाही, म्हणून सगळी परत वर येते, गळ्यात साठते. भुलीतून शुद्धीवर आल्यावर मी नर्सला म्हटलं होतं, पाय थंडगार पडलेत, पांघरूण घाला. तिनं पांघरूण घातलं, आणि मला ते पडलेलं कळलं नाही. दिसलं, पण कळलं नाही. ती भीती अशीच होती, स्वच्छ, दुपारची, आरडाओरडा नसलेली. आताही खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. तारामासा माझ्या हातावरून कधी उतरला होता देव जाणे. मालाच्या लिफ्टच्या दाराच्या फटीतून करडं काहीतरी सरपटत बाहेर येत होतं. धूर इतका हळू येतो हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तो धावून येतो. हा तर पाहुण्यासारखा येत होता, आत येऊ का विचारत.

हौदाच्या काठावर मासेताईचा वॉकीटॉकी पडलेला होता. तो खरखरला, आणि माझा जीव भांड्यात पडला. आली माणसं, म्हटलं. एक नवखा आवाज, पुढच्या दाराचा रखवालदार असावा, म्हणाला, "साहेब, माणसं सगळी उतरली. मुलं मोजली, बरोबर आहेत. मासेताई त्यांना घेऊन पलीकडच्या मैदानात गेली." साहेबांचा आवाज म्हणाला, "आणि मामा?" "मामा पंपाच्या खोलीत शिरले होते, साहेब. धुरानं गुदमरले. त्यांना बाहेर काढून गाडीत घातलंय, बोलता येत नाही त्यांना." मग खरखर. मग तोच रखवालदार, काहीतरी विसरलेलं आठवल्यासारखा, "हां साहेब, मासेताई जाता जाता सांगून गेली, पार्सल वर आहे. साहेबांना सांगा म्हणाली." मी खुर्चीतल्या खुर्चीत पुढे झुकले. सांग, बाबा, सांग. साहेब म्हणाले, "पार्सल? कसलं पार्सल?" "काय माहीत नाही, बुवा. माशांच्या खाण्याचं असंल. मी आजच लागलोय, साहेब." "राहू दे ते. जळलं तर जळलं, भिजलं तर भिजलं. माणसं महत्त्वाची. तू असं कर, जिन्याचं खालचं दार ओढून घे. धूर वर जाऊ दे, खाली नको."

माणसं महत्त्वाची. किती चांगलं वाक्य आहे. ते ऐकून माझ्या डोळ्यांसमोर काळं झालं, खरंच झालं, मी काठ घट्ट धरला. खालून दाराचा आवाज आला. जाड, रबरानं बसणाऱ्या दाराचा. ते मी कानानं ऐकलं आणि दातांत जाणवलं. जगात कुणालाही माहीत नाही मी कुठे आहे. नवरा मला स्टुडिओत समजतोय. साहेबांच्या लेखी मी परवा येणार आहे. मामांना बोलता येत नाही. मासेताईनं निरोप दिला, तिच्या परीनं अगदी चोख दिला, रोजच्या सवयीच्या शब्दात. आणि त्या शब्दाचा अर्थ साहेबांच्या कानावर जाऊ नये, हेच तर मामांनी मागितलं होतं. त्यात मीही सामील. 'नाही सांगत' म्हणाले होते ना! लहानपणी एकदा मावशीकडे लपाछपीत मी गाद्यांच्या पेटीत लपले होते. कुणालाच सापडेना. बाहेर भावंडांचे आवाज येत होते, मग कमी झाले, मग थाळ्यांचे आवाज आले. मी आत खूश, जिंकले म्हणून. आणि मग, झाकणाच्या फटीतली उजेडाची रेघ बघता बघता, मला कळलं की खेळ संपलाय. मला शोधणं त्यांनी सोडून दिलं नव्हतं, ते विसरले होते. दोन्हींत किती फरक आहे! मी तेव्हा ओरडले का नाही, हे आईनं नंतर सतरांदा विचारलं. मला लाज वाटली होती. खेळ संपल्यावर ओरडणारी मुलगी वेडी दिसते.

मी वॉकीटॉकी उचलला. ओला होता, हातातून निसटत होता. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं, एवढं मामांकडे बघून कळलं होतं. मी बटण दाबलं, श्वास घेतला, आणि तोंडातून काय निघालं? कपाळ माझं! निघालं, "कृपया लक्ष द्या." इतक्या वर्षांची सवय, समोर माईक आला की पहिले तीन शब्द तेच. आणि त्याच गोड आवाजात, त्याच चालीवर. "मी वरच्या स्पर्श दालनात आहे," हे पुढचं मी म्हणेपर्यंत वरचा कर्णाही सुरू झाला, "घाबरू नका, लिफ्टचा वापर करू नका," आणि दोघी एकमेकींत मिसळलो. मी बटण सोडलं. साहेब ओरडत होते, "अरे ते रेकॉर्डिंग वॉकीटॉकीत कसं घुसतंय? काही ऐकू येत नाही. बंद करा रे ती बाई!" मी पुन्हा दाबलं, पुन्हा म्हटलं, "अहो, मी आहे, मी खरी आहे," पण वरची बाई माझ्यापेक्षा मोठ्यानं, माझ्यापेक्षा स्पष्ट, कुठेही न अडखळता बोलत होती. तिला धूर लागत नव्हता. ती कुठल्याही जिन्यानं उतरू शकली असती. मला तिचा इतका राग आला, इतका हेवा वाटला, की मी वर बघून ओरडले, "गप्प बस गं सटवे!" ती म्हणाली, "धन्यवाद."

धूर आता गुडघ्यांपर्यंत आला होता. माझ्या गुडघ्यांना त्याचं काही नव्हतं, पण मला दिसत होतं. खिडकी उघडत नव्हती, या इमारतीच्या खिडक्या उघडतच नाहीत. मी खुर्ची जिन्याकडे नेली. वरचं दार उघडं होतं, पायऱ्या खाली वळत गेलेल्या, तिथं धूर नव्हता अजून. उतरून घसरत जावं का? हातांवर? मी एक हात खाली टेकवून पाहिला. फरशी ओली होती, हात सटकला, आणि माझी कंबर मला कुठेही जाऊ देणार नव्हती. समजा गेले, तरी खाली ते दार. मी रडायला लागले. नीट रडता येईना, खोकला येत होता. घसा सोलून निघाल्यासारखा. आणि त्या खोकल्यातच मला नवऱ्याची आठवण आली, की तो आता घरी येऊन माझ्यासाठी चहाचं आधण ठेवेल, हिला आणायला कधी जाऊ म्हणून स्टुडिओला फोन लावेल, आणि ते म्हणतील, बाई इथे नाहीत. कुठे ठेवली असेल हिला, असं तो मनात म्हणेल. ये रे, मी म्हटलं. ये आणि उचल. ठेव कुठेही. पुन्हा एक अक्षर बोलणार नाही.

मग खोक्यावरची ती लाल अक्षरं डोळ्यांसमोर आली. मी वॉकीटॉकी तोंडाशी धरला. आवाज उरलाच नव्हता. जे निघालं ते घोगरं, फाटकं, माझं नसलेलं काहीतरी. "पार्सल," मी म्हटलं. खोकले. "पार्सल जिवंत आहे." बटण सोडलं. खरखर. मग साहेब, एकदम सावध, "कोण? वरून कोण बोललं? काय म्हणालं?" रखवालदार म्हणाला, "पार्सल जिवंत आहे म्हणतंय कुणीतरी, साहेब. मासेताई परत गेली का काय?" "जिवंत?" साहेबांचा आवाज केवढा बदलला! "जिवंत माल आलाय आणि मला कुणी सांगत नाही? अरे बघताय काय माझ्या तोंडाकडे? तोंडाला ओलं फडकं बांधा, ढकलगाडी घ्या, पळा! हलक्या हातानं आणा, मरायला नको एकही!" माझं बोट पुन्हा बटणावर गेलं. सांगावं, की अहो, मी बाई आहे, माणूस आहे, तुमची घोषणावाली. बोट तिथेच होतं. आणि सांगितलं आणि त्यांना पुन्हा रेकॉर्डिंग वाटलं तर? पुन्हा कोण, कसली, कुठली सुरू झालं तर? ते येत होते. मालासाठी येत होते, पण येत होते. मी बोट काढून घेतलं. इतकी घाबरले होते मी. त्या घाबरण्याला लाज नव्हती.

खालचं दार उघडल्याचा आवाज आला. मग बूट, धावते, आणि पायऱ्यांवर आपटत येणारी ढकलगाडी. छतातली बाई कुणाला तरी प्रेमानं सांगत होती, घाबरू नका. धुरातून आधी बॅटरीचा झोत आला, मग तोंडाला फडकं बांधलेला रखवालदार. उंच, कोवळा, नव्या गणवेशातला, मागे आणखी एक जण. झोत माझ्या तोंडावर आला, थांबला, आणि पुढे सरकला. हौदावर गेला, हौदाच्या मागे, लिफ्टच्या दाराशी, कोपऱ्यांत. मग परत माझ्यावर. "अहो बाई, तुम्ही इथं कशा काय?" तो घाबराघुबरा होऊन म्हणाला. "चला, चला, आधी पार्सल घेऊ दे, मग तुम्हाला नेतो. कुठंय पार्सल?" मी त्याची बाही धरली. घट्ट धरली, नव्या कापडाची घडी माझ्या मुठीत चुरगळली. बोलायला तोंड उघडलं तर खोकलाच आला. दुसऱ्या हातानं मी छातीवर थापटलं.

"हेच," मी म्हटलं. "जिवंत आहे. उलटं करू नका."